धावण्याचा वेग कसा वाढवावा?

चपळाई जन्मतःच यावी लागते, ती शिकून येत नाही, असे मानून कित्येक विद्यार्थी शर्यतीच्या दिवशी मैदानाच्या कडेला उभे राहतात. ही समजूत अर्धीच खरी आहे. वेगाची अखेरची मर्यादा निसर्ग ठरवितो हे खरे. परंतु त्या मर्यादेपर्यंत पोहोचण्याचा यत्न फारच थोडे करतात.

आपले बडोदे हे व्यायामाचे जुने माहेरघर. जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रो. माणिकरावांनी शिष्यांच्या पिढ्या घडविल्या. हिंद विजय जिमखान्याने १९२४ साली खो-खोचे नियम प्रसिद्ध केले. हा खेळ म्हणजे वेगाची शाळाच होय. दोन खांबांत अंतर सुमारे २४ मीटर. तेव्हा 'खो' मिळताच बसलेला गडी पहिली चार-पाच पावले कशी टाकतो, यावरच गडी बाद होणे न होणे अवलंबून असते.

वेग म्हणजे पावलाची लांबी गुणिले दर सेकंदास पडणारी पावले. २००९ साली बर्लिन येथे उसेन बोल्ट याने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत सुमारे ४१ पावलांत तोडले. म्हणजे एकेक पाऊल सरासरी २.४ मीटरांहून अधिक! हे वाचून आपण पाय पुढे ताणू लागलो, तर मात्र फसू. शरीराच्या फार पुढे पडलेला पाय गतीस अडवितो. पाऊल कमरेखालीच पडावे व जमीन जोराने मागे रेटावी. मग लांबी आपोआप वाढते. सुटताना सारे शरीर एका रेषेत पुढे झुकवावे, कमरेत वाकू नये. कोपरे काटकोनात ठेवून हात पुढेमागे न्यावेत. मुठी व जबडा सैल असावा.

आता अभ्यासक्रम पाहू. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक-दोन दिवस सोडून, सकाळच्या गारव्यात मातीच्या मैदानावर यावे. दहा मिनिटे हलके धावून अंग गरम करावे. नंतर २० मीटरांच्या चार व ३० मीटरांच्या तीन धावा पूर्ण वेगाने घ्याव्यात. दर धावेनंतर दोन-तीन मिनिटे विसावा अवश्य घ्यावा. अन्य दिवशी बैठका व उड्या माराव्यात.

विसाव्यास आळस समजून दम लागेपर्यंत फेऱ्या मारणे, ही नेहमीची चूक होय. त्याने दम वाढतो; पण थकलेले पाय संथ धावण्याचीच सवय लावून घेतात. म्हणून वेग उतरू लागताच, अथवा स्नायू दुखताच, त्या दिवसाचा अभ्यास थांबवावा.

महिन्यातून एकदा ३० मीटरांची वेळ वहीत टिपून ठेवावी. शर्यतीत पहिला एकच येतो. परंतु आपल्याच मागील महिन्याच्या आकड्यास मागे टाकण्याची संधी कडेला उभ्या असलेल्या प्रत्येकास आहे. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, यंदा मैदानात उतरा!