धुक्यातल्या जुन्या झाडांचे फोटो

माझ्या मामाचे गाव भीमाशंकरच्या डोंगरात आहे. तिथे देवराई आहे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तिथली झाडे तोडत नाहीत, म्हणून आंबा, जांभूळ, हिरडा ही झाडं खूप मोठी झाली आहेत. गारंबीचा वेल तर मांडीएवढा जाड आहे. आपला राज्यप्राणी शेकरू तिथे या झाडावरून त्या झाडावर उड्या मारतो. डॉ. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या काळात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली झाले.

देवराईत एक जुनी जांभूळ होती. ती वादळात पडली. आजी म्हणते, ती चार माणसांच्या कवेत मावायची. मोठे मामा म्हणतात, सहा माणसं लागायची. दोघांचं रोज भांडण! पण खरं काय ते आता कळायचं नाही, कारण तिचा फोटो नाही आणि मापही नाही. म्हणून आता मामाचा दादा आणि मी उरलेल्या मोठ्या झाडांचे फोटो काढतो.

फोटो पावसाळ्यात धुक्यात चांगला येतो. समुद्रावरचा ओला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो आणि थंड होतो. मग त्यातल्या वाफेचे बारीक थेंब होतात. तोच ढग डोंगराला टेकला की आपण त्याला धुके म्हणतो. उन्हात पुढचे झाड आणि मागची झाडे एकात एक मिसळतात. धुक्यात पुढचे झाड काळे दिसते, मागचे फिकट दिसते आणि त्याच्या मागचे दिसतच नाही. म्हणून एकच झाड उठून दिसते.

फोटो काढायची रीत अशी :

१. फ्लॅश बंद ठेवावा. नाही तर उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून परत येतो आणि सगळं पांढरं दिसतं.

२. धुके पांढरे असते म्हणून कॅमेऱ्याला वाटते, उजेड फार झाला. मग तो फोटो काळपट करतो. मोबाइलवर उजेडाची खूण थोडी वर सरकवावी.

३. मोबाइलला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी, पण भिंग उघडे ठेवावे. भिंगावर दव बसते, ते सुती फडक्याने पुसावे.

४. झाडाच्या बुंध्याजवळ एक माणूस उभा करावा. नाही तर झाड किती मोठे ते फोटोत कळत नाही. आमच्या फोटोत आजी इरलं घेऊन उभी आहे.

५. आपण जिथे उभे राहिलो तिथे दगडाची खूण करावी. दर वर्षी तिथूनच फोटो काढावा, म्हणजे कोणती फांदी गेली, कोणती वाढली ते समजते.

६. फोटोबरोबर घेर लिहावा. घेर जमिनीपासून १ मीटर ३७ सेंटीमीटर उंचीवर मोजतात. म्हणजे जवळजवळ माझ्या उंचीएवढ्यावर! सुतळी बुंध्याभोवती गुंडाळायची आणि मग ती टेपने मोजायची. मोठ्या आंब्याचा घेर ३ मीटर ९० सेंटीमीटर भरला.

घेरावरून झाडाचे नेमके वय सांगता येत नाही. ओढ्याकाठचे झाड लवकर जाड होते, खडकावरचे हळू होते. वयाचे विचारले तर आजी म्हणाली, "माझ्या आजीच्या वेळीपण आंबा असाच मोठा होता." आम्ही वहीत तेच तारखेसह लिहिले. झाडाला खिळा मारू नये, त्यावर नाव कोरू नये.

मोठ्या मामांना आम्ही वही दाखवली. ते म्हणाले, "आता या आंब्यावरून तरी भांडण व्हायचं नाही."

पालकांनो, तुमच्या वाडीत किंवा बांधावर जुने झाड असेल तर त्याचा फोटो, घेर आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याच्याबद्दल आठवते ते लिहून आम्हाला द्या. मुलांनो, सुतळी आणि टेप मी घेऊन येईन. पहिल्यांदा आपण शाळेजवळच्या चिंचेचा घेर मोजू.

— इयत्ता चौथी