गावाच्या पुस्तिकेत कुणाला घ्यायचं?

पोरांनो, यात्रेला गावाची माहितीपुस्तिका काढताय ते बरंच झालं. पण नावं गोळा करायच्या आधी नियम ठरवा. एकदा नावं यायला लागली की नियम राहतो बाजूला, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा आजा थोर ठरतो.

माणूस गावाचा कसा, ते नावाशेजारी लिहा: इथं जन्मला, शिकला, राबला की इथल्या मातीत गेला. कर्मवीर भाऊराव पाटलांचंच बघा. जन्म 1887 चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. रयत शिक्षण संस्था 1919 साली कराडजवळ काले गावी निघाली आणि 1924 ला साताऱ्यात आली. चारही गावं त्यांना आपलं म्हणतात, आणि खोटं कुणीच बोलत नाही. फक्त ऐतवड्यानं स्वतःला जन्मगाव म्हणू नये. कटगुणचंही तेच. ते जोतिराव फुल्यांच्या पूर्वजांचं गाव. जोतिराव वाढले, राबले ते पुण्यात. सावित्रीबाईंचा जन्म मात्र नायगावचाच, 1831 चा.

जन्म बाहेरचा म्हणून माणूस गाळूही नका. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे, पण त्यांना वगळून वाईतला मराठी विश्वकोश सांगणार कसा? अब्दुल करीम खाँसाहेब मूळचे कैराण्याचे, विसावले मिरजेत. आणि एका सभेपुरता येऊन गेलेला पुढारी? त्याला गाळा, फोटो कितीही झकास असला तरी.

जुनी पुस्तकं चाळाल तर तासगाव, वाळवा सातारा जिल्ह्यात सापडतील. ती छपाईची चूक नव्हे. दक्षिण सातारा जिल्हा 1949 साली वेगळा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. कुंडल तर औंध संस्थानातलं. इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारची हकिगत लिहिताना ब्रिटिश मुलूख कुठं संपतो नि संस्थान कुठं लागतं हे लिहिलं नाही, तर भूमिगतांना कुंडल जवळचं का वाटायचं हे वाचणाऱ्याला उमगायचं नाही.

स्वातंत्र्यसैनिकांच्या याद्यांत बाप्येच फार. प्रतिसरकारवाल्या क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक हौसाताईही त्या लढ्यात होती. तुमच्या गावात निरोप कोण पोचवायचं, रात्री भाकऱ्या कोण थापायचं, हे म्हाताऱ्या बायकांनाच विचारा. पण ऐकीव असेल तिथं 'असं सांगतात' म्हणून लिहा.

बाहेर गेलेल्यांना एक पान हवंच. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेत, पाटण-जावळीची माणसं मुंबईत माथाडी झाली. माथाडींची चळवळ उभी करणारे अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातलेच. धंदा कसा चालतो, माणसं यात्रेला कशी परततात, ते लिहा. कुणाचा बंगला केवढा, हे नको.

लोकसंख्या दिलीत तर जनगणनेचं साल द्या. हयात माणसाचं काम लिहा, विशेषणं नकोत. देणगीदारांना शेवटचं स्वतंत्र पान द्या. देणगी दिली म्हणून कुणी इतिहासात बसत नाही. भावकीचे दावे, आजारपणं, फोन नंबर यांना पुस्तिकेत जागा नाही.

आणि छापखान्यात देण्याआधी कच्चा मजकूर नुसता चावडीवर वाचू नका. वाड्या-वस्त्यांवर, मळ्यांत जाऊन वाचून दाखवा, आणि कोण सुटलं ते तिथल्या लोकांना विचारा.