खंडागळ्यांचा हत्ती

शेलूबाजारहून मालेगाव, मेहकर करत जालन्याकडे निघालं की वाटेत सिंदखेड राजा लागतं. जिजाऊसाहेबांचं ते माहेर. हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण त्यांच्या माहेरात आणि सासरात एकदा तलवार चालली होती, ही गोष्ट फार जणांना ठाऊक नसते.

गोष्ट सुमारे चारशे वर्षांपूर्वीची. तेव्हा निजामशाहीचं राज्य होतं. सिंदखेडचे लखुजीराव जाधव आणि वेरूळचे भोसले, दोघेही निजामशहाचे सरदार. सरदार म्हणजे काय? सुलतान त्याला काही गावांचा वसूल लावून देई. त्या पैशातून सरदाराने घोडे आणि शिपाई बाळगायचे. हाक आली की लढायला जायचे. शिपाई भाकर खात सरदाराची, म्हणून ते ऐकतही सरदाराचेच. त्यामुळे दोन सरदारांचं बिनसलं की ते भांडण दोघांपुरतं राहत नसे. दोन फौजा समोरासमोर येत.

तसे जाधव आणि भोसले सोयरे होते. लखुजीरावांची लेक जिजाबाई शहाजीराजांना दिली होती.

एके दिवशी दरबार सुटला. सगळे सरदार आपापली माणसं घेऊन बाहेर पडले. ही गर्दी! आपल्या बाजाराच्या दिवसासारखी समजा, फक्त बैलगाड्यांच्या जागी हत्ती-घोडे. तेवढ्यात खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला. माणसं तुडवू लागला. लखुजीरावांचे पुत्र दत्ताजी पुढे झाले आणि त्यांनी हत्तीवर शस्त्र चालवलं. कुणी म्हणेल, बरंच केलं की! पण आपल्या हत्तीला हात लावला, हे खंडागळ्यांना खपलं नाही. शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी आणि खेलोजी खंडागळ्यांच्या बाजूने उभे राहिले. हत्ती राहिला बाजूला. तलवारी निघाल्या. संभाजींच्या हातून दत्ताजी मारले गेले.

लखुजीराव पुढे निघून गेले होते. मुलगा पडल्याचं कळताच ते तसेच मागे फिरले. आता शहाजीराजांनी काय करावं? समोर सासरा, पाठीशी चुलतभाऊ. ते भावाच्या मदतीला धावले. लखुजीरावांचा वार त्यांच्या दंडावर बसला आणि ते बेशुद्ध पडले. मग लखुजीरावांनी संभाजींना ठार केलं.

हत्ती ना जाधवांचा होता, ना भोसल्यांचा.

आता जिजाबाईंचा विचार करा. भाऊ गेला, तो चुलत दिराच्या हातून. दीर गेला, तो वडिलांच्या हातून. नवऱ्याची जखम, तीही वडिलांनीच केलेली. आपल्याकडे सोयऱ्यांत धुऱ्यावरून भांडण झालं तरी लेकीचं माहेरी जाणं बंद होतं. मी अशा लेकी पाहिल्या आहेत. इथे तर रक्त सांडलं होतं.

लखुजीराव मधल्या काळात मोगलांकडे गेले, पुन्हा निजामशाहीत आले. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाने त्यांना दगा केला. लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव, चौघेही एकाच दिवशी मारले गेले. ते ऐकून निजामशाही कुणी सोडली? शहाजीराजांनी! ज्या सासऱ्याचा वार दंडावर घेतला होता, त्याच्यासाठी.

त्यानंतर जेमतेम सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला.

सिंदखेडला लखुजीरावांची मोठी दगडी समाधी आहे. जालन्याकडे जाणं झालं तर उतरून पहा.