डिझेल फिल्टर घेताना : गाळण्याचा धडा वर्गात आणि ट्रकखाली



परिसर अभ्यासात पाणी स्वच्छ करण्याच्या पद्धती शिकवताना आपण निवळणे आणि गाळणे हे दोन शब्द फळ्यावर लिहितो. उदाहरण ठरलेलं, चहाची गाळणी आणि माठावरचं फडकं. आकुर्डीत मात्र याहून जवळचं उदाहरण मुलांच्या घरासमोर उभं असतं. कुणाचे बाबा चाकणला माल घेऊन जातात, कुणाचा मामा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत मेकॅनिक आहे. टाटा ४०७ सारखी गाडी तर १९८६ पासून आपल्या पुण्यातच तयार होत आली. म्हणून आज डिझेल फिल्टरबद्दल बोलू. एकच ट्रक असलेल्या पालकांना याचा थेट उपयोग आहे. गाडी आठवडाभर गॅरेजला उभी राहिली की हप्ता थकतो आणि त्याचा पहिला फटका मुलांच्या खर्चाला बसतो, हे आपण शिक्षक दरवर्षी बघतोच.

फिल्टर कशासाठी? डिझेल टाकीत येतं तेव्हा त्याच्यासोबत बारीक धूळ, टाकीतला गंज आणि पाणी येतं. इंजेक्टरच्या आतल्या हलत्या भागांमधली फट फक्त दोन-चार मायक्रॉनची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा तिथं घासकागदासारखं काम करतो. आताच्या कॉमन रेल इंजिनात दाब १६०० बार आणि त्याहून जास्त असतो. ट्रकच्या टायरमध्ये आठेक बार हवा असते, म्हणजे हा दाब त्याच्या दोनशे पट झाला. एवढ्या दाबानं कण घुसला की इंजेक्टर गेलाच समजा. फिल्टर काहीशे रुपये वाचवून घेतला आणि इंजेक्टरचा खर्च हजारोंच्या घरात गेला, तर हिशोब कुठं बसतो?

जुन्या गाड्यांवर दोन फिल्टर शेजारी शेजारी असायचे, आधी कापडी आणि मग कागदी. जुने ड्रायव्हर अजून तेच शब्द वापरतात. नव्या गाड्यांत पहिला फिल्टर पाणी वेगळं करणारा असतो, त्याला सेपरेटर म्हणतात, आणि दुसरा बारीक गाळणारा. कल्पना तीच आहे, आधी मोठी घाण अडवायची आणि मग बारीक.

इथं वर्गातला एक छान प्रयोग बसतो. फिल्टरच्या आतला कागद पंख्यासारख्या घड्या घालून बसवलेला असतो. का? समजा डबा ८ सेंमी व्यासाचा आणि कागद ८ सेंमी उंच आहे. कागद नुसता गोल गुंडाळला तर त्याचं क्षेत्रफळ साधारण २०० चौसेंमी भरतं. आता त्याच जागेत २ सेंमी खोल अशा ६० घड्या घाला. प्रत्येक घडीला दोन बाजू, म्हणून ६० × २ × २ × ८ = १९२० चौसेंमी. जवळजवळ दहापट! जेवढा कागद जास्त, तेवढी घाण जास्त मावते आणि फिल्टर उशिरा तुंबतो. स्वस्त नकली फिल्टरमध्ये पहिली कपात इथंच होते. घड्या कमी, अंतर वेडंवाकडं, कडेला डिंक नीट लागलेला नाही. बाहेरचा डबा मात्र हुबेहूब. मुलांना जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या घालून मोजमाप करू द्या. क्षेत्रफळाचा तास वेगळा घ्यावा लागणार नाही.

आता निवडीचा मुद्दा. बरेच जण जुना फिल्टर काढून दुकानात नेतात आणि ‘असाच द्या’ म्हणतात. चूक इथं होते. दोन फिल्टरची उंची आणि आटे जुळले तरी आतला कागद किती मायक्रॉनचा आहे ते बाहेरून दिसत नाही. शिवाय एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार इंजिन बदललेलं असतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या गाडीचा फिल्टर एकच असेल असं धरून चालू नका. दुकानात जाताना आरसी सोबत ठेवा. तिच्यावरचा चेसिस नंबर सांगितला की पार्ट नंबर निघतो. गाडीच्या पुस्तकातही तो असतो. खरेदी त्या नंबरवर करायची.

कंपनीचा जेन्युइनच घ्यावा का? माझं मत असं की वॉरंटीतल्या गाडीला तोच घ्या, वाद नको. वॉरंटी संपल्यावर बॉश किंवा पुण्यातल्याच फ्लीटगार्डसारख्या नावाजलेल्या फिल्टर कंपनीचा चालेल. अट एकच, त्यांच्या यादीत तुमच्या पार्ट नंबरसमोर तो फिल्टर दिलेला हवा. ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ असं सांगून दिलेला फिल्टर मी तरी कुणाला घ्यायला सांगणार नाही. खोका सीलबंद आहे का, खोक्यावरचा आणि डब्यावरचा नंबर एकच आहे का, रबरी वॉशर मऊ आहे का, हे काउंटरवरच बघा. पक्कं बिल मागा. बिल द्यायला दुकानदार टाळाटाळ करत असेल तर पुढचं दुकान गाठा, ट्रान्सपोर्टनगरीत दुकानांना तोटा नाही.

हा नंबर उतरवून घ्यायचं काम मुलांना द्या, पालकहो. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक, बी आणि आठ यांत भलेभले फसतात. पाचवीतलं मूल दोनदा वाचून वहीत लिहील आणि शेजारी तारीख आणि किलोमीटरही टाकेल. शुद्धलेखनाचा याहून खरा सराव कुठला?

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पावसाळ्यात सगळ्यात जास्त त्रास त्याचाच. रात्री अर्धी रिकामी टाकी गार झाली की आतल्या हवेतलं बाष्प भिंतींवर जमतं आणि खाली उतरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. वर्गात हे दाखवायला डिझेल अजिबात आणू नका. काचेच्या ग्लासात पाणी आणि गोडेतेल ढवळून ठेवा, मुलांना थर दिसतात. निवळणे तेच! सेपरेटरच्या खाली बोल्ट किंवा नळीसारखा निचरा असतो. इंजिन बंद ठेवून तो सैल करून पारदर्शक बाटलीत थोडं काढलं की पाणी खाली दिसतं. नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतो. दिवा लागला की ‘खेप टाकून बघू’ म्हणायचं नाही, आधी पाणी काढायचं. पावसाळ्यात संध्याकाळी टाकी भरून ठेवली तर बाष्पाला जागाच कमी उरते.

बदलायची वेळ पुस्तकात दिलेल्या किलोमीटरवर ठरते. तळेगाव-चाकण रस्त्यासारख्या धुळीत रोज चालणाऱ्या गाडीचा त्याआधी बदलावा लागू शकतो. खंडाळ्याच्या घाटात गाडी लोड ओढेनाशी झाली, सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागू लागला, तर आधी फिल्टर बघा. तुंबलेला कागदी फिल्टर हवा मारून किंवा धुऊन परत लावू नये. त्याने कागदाचे तंतू फाटतात आणि मग कण सरळ आत जातात.

बसवताना एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांगा. नवा बारीक फिल्टर कॅनमधल्या डिझेलनं वरून भरून बसवायची सवय अनेकांना असते. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळताच इंजेक्टरकडे जातं. फिल्टर कोरडा बसवून हातपंपानं डिझेल चढवावं आणि एअर काढावी. थोडा वेळ जास्त लागतो, लागू द्या. वॉशरला स्वच्छ डिझेलचं बोट फिरवून फिल्टर हातानंच आवळायचा. किती फेरे, ते डब्यावर छापलेलं असतं.

जुना फिल्टर फेकण्याआधी त्याला खिळ्यानं भोक पाडा आणि खोका फाडून टाका, म्हणजे तो पुसून परत विकला जाणार नाही. त्यातलं डिझेल गटारात न ओतता गॅरेजच्या वापरलेल्या ऑइलच्या पिंपात द्या.