चरबीचे निरोप

शरीरातल्या चरबीबद्दल विचार करताना मी दोन चुका केल्या. त्या इथे मांडते आहे, कारण ज्यांची शुगर ‘बॉर्डरवर’ आली आहे असे असंख्य लोक आज त्याच दोन वाटांनी चालले आहेत. पहिली चूक म्हणजे चरबीला कणगी समजणं. जास्तीचं खाल्लेलं तिथे साठतं, गरज पडली की निघतं आणि बाकीचा वेळ ते नुसतं पडून राहतं, असा माझा समज होता. दुसरी चूक ही पहिली सुधारताना झाली. चरबी प्रथिनं स्रवते आणि ती इन्सुलिनच्या कामात ढवळाढवळ करतात हे वाचल्यावर, त्यांतलं दोषी प्रथिन कोणतं, ते कसं मोजायचं आणि कोणत्या औषधाने काबूत आणायचं, एवढंच मी शोधत राहिले. पहिली चूक अज्ञानातली होती. दुसरी अर्धवट ज्ञानातली होती, आणि म्हणूनच ती जास्त फसवी होती.

कणगीची कल्पना मोडली ती 1990च्या दशकात. 1993 साली गोखन होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगेलमन यांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाह पेटवणारं प्रथिन वाढलेलं असतं. लठ्ठ उंदरांमध्ये ते निकामी केलं की त्यांचं शरीर इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागतं, हेही त्यांनी सिद्ध केलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन शोधलं. चरबीत बनणारं हे प्रथिन साठा किती आहे याची खबर मेंदूला देतं. 1995 साली ॲडिपोनेक्टिन सापडलं. ते मेदपेशीच बनवतात, रक्तात त्याचं प्रमाण भरपूर असतं, आणि तरीही लठ्ठपणात ते वाढत नाही, उलट घटतं. तीन वर्षांत चरबीची ओळखच बदलली. जिला आपण गोदाम समजत होतो ती ग्रंथी निघाली, स्वादुपिंड किंवा थायरॉइडसारखी रक्तातून दूरवर निरोप धाडणारी.

हे निरोप इन्सुलिनच्या वाटेत कसे येतात, ते समजून घ्यायला हवं. इन्सुलिन स्नायूच्या पेशीवरच्या ग्राहीला चिकटतं, मग पेशीच्या आत एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि या साखळीच्या शेवटी साखर आत घेणारी वाहक प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात. टीएनएफ-अल्फामुळे या साखळीच्या सुरुवातीच्या कडीवर चुकीच्या जागी फॉस्फेट चिकटतं आणि पुढची कडी जागी होत नाही. रक्तात इन्सुलिन भरपूर असतं, पण त्याचं काम होत नाही. यकृतातही तसंच होतं. जेवणानंतर यकृताने साखर तयार करणं थांबवायचं असतं, ते थांबत नाही. ॲडिपोनेक्टिन याच्या उलट वागतं. ते यकृताची साखरनिर्मिती आवरतं आणि स्नायूंना चरबी जाळायला लावतं. लठ्ठपणात बिघडवणारे निरोप वाढतात आणि सावरणारा निरोप मंदावतो. स्वादुपिंड मात्र जादा इन्सुलिन ओतून कित्येक वर्षं ही तूट भरून काढत राहतं. म्हणून शुगरचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. तो आकडा बिघडतो तेव्हा आतली ओढाताण बऱ्याच वर्षांची झालेली असते.

इथपर्यंतचं सगळं खरं आहे, आणि माझी दुसरी चूक इथेच सुरू झाली. पुरावेही तिला खतपाणी घालणारेच होते. 2007 साली फिलिप शेरर यांच्या गटाने लेप्टिन नसलेल्या लठ्ठ उंदरांमध्ये ॲडिपोनेक्टिनचं प्रमाण वाढवलं. ते उंदीर आणखीच अवाढव्य झाले, तरी त्यांची साखर मात्र ताळ्यावर आली. 2009 साली तेरा अभ्यासांतल्या चौदा हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केली तेव्हा दिसलं की ज्यांच्या रक्तात ॲडिपोनेक्टिन जास्त, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका कमी. हे वाचून कुणालाही वाटेल की किल्ली सापडली. प्रयोगशाळेत हे प्रथिन मोजून घ्यावं, कमी असेल तर वाढवण्याचा उपाय शोधावा, आणि तोवर पोटाच्या घेराकडे लक्ष नाही दिलं तरी चालेल.

पण एकेका प्रथिनामागे धावण्याचा आजवरचा हिशेब मांडला की हा विश्वास टिकत नाही. उंदरांमध्ये टीएनएफ-अल्फा अडवून जे साधलं, ते 1996 साली मधुमेह असलेल्या लठ्ठ माणसांत करून पाहिलं तेव्हा इन्सुलिनच्या परिणामात फरक पडला नाही. लेप्टिन जन्मापासूनच न बनणाऱ्या मुलांना लेप्टिन दिलं की त्यांचं आयुष्य पालटतं. पण सामान्य लठ्ठ माणसाच्या रक्तात ते आधीच चढलेलं असतं आणि मेंदू त्याला दाद देत नाही. त्यामुळे बाहेरून आणखी दिल्याने बहुतेकांना फार थोडा उपयोग झाला. 2001 साली रेझिस्टिन या आणखी एका प्रथिनाचा मोठा गाजावाजा झाला. उंदरात ते मेदपेशींतून येतं, माणसात मात्र मुख्यतः रोगप्रतिकारक यंत्रणेच्या भक्षकपेशींतून (मॅक्रोफेज), असं पुढे कळलं. विसफाटिन हे प्रथिन इन्सुलिनसारखं काम करतं असं सांगणारा 2005 सालचा गाजलेला शोधनिबंध 2007 मध्ये मागे घ्यावा लागला. आणि ॲडिपोनेक्टिन? ज्यांचा जनुकीय वारसाच ते कमी बनवणारा आहे त्यांना मधुमेह जास्त होतो का, हे 2013 साली मोठ्या संख्येने माणसं घेऊन तपासलं, तेव्हा तसा आधार मिळाला नाही. ॲडिपोनेक्टिन कमी असणं हे बिघाडाचं कारण असण्यापेक्षा बऱ्याच अंशी त्याची खूण असावं, असं यातून सुचतं.

मग ही सगळी प्रथिनं निरर्थक आहेत का, असा आक्षेप घेता येईल. मला तसं वाटत नाही. निरोप खरेच आहेत, पण ते धाडणाऱ्या चरबीची अवस्था काय आहे, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. 2003 साली अमेरिकेतल्या दोन गटांनी लठ्ठ प्राण्यांची आणि माणसांची चरबी तपासली आणि तिच्यात भक्षकपेशींची गर्दी आढळली. मेदपेशी प्रमाणाबाहेर फुगतात, त्यांना रक्तपुरवठा अपुरा पडतो, काही मरतात आणि त्यांच्याभोवती भक्षकपेशी कडं करून बसतात. टीएनएफ-अल्फाचा मोठा वाटा त्यांच्याकडूनच येतो. पुन्हा कणगीचाच दाखला द्यायचा तर, धान्य साठवल्याने कणगी बिघडत नाही, ती बिघडते कोंबून भरल्याने. आतलं धान्य कुबट होतं आणि न मावलेलं घरभर सांडतं. शरीरात हे सांडलेलं धान्य म्हणजे यकृतात, स्नायूंत आणि आतड्यांभोवती जमलेली चरबी.

या मुद्द्याला सर्वांत स्पष्ट पुरावा दिला तो 2004 सालच्या एका अमेरिकी अभ्यासाने. पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या त्वचेखालची सरासरी दहा किलोंच्या आसपास चरबी शस्त्रक्रियेने ओढून काढली. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनचा परिणाम जिथल्या तिथे होता, आणि टीएनएफ-अल्फा व ॲडिपोनेक्टिनही तसेच. त्वचेखालचा साठा कमी झाला होता, पण उरलेल्या पेशींचं फुगलेपण आणि यकृतातली चरबी तशीच राहिली होती. याची उलट बाजू पायोग्लिटाझोन या औषधात दिसते. ते घेणाऱ्याचं वजन बहुधा वाढतं, तरी इन्सुलिनला दाद मिळते, कारण ते त्वचेखाली नव्या, लहान मेदपेशी तयार करून यकृतातला भार तिकडे हलवतं. तिसरा पुरावा त्या दुर्मीळ रुग्णांचा, ज्यांच्या अंगात चरबी जवळजवळ नसतेच. त्यांनी निरोगी असायला हवं होतं, पण त्यांना अतिशय तीव्र इन्सुलिन-प्रतिरोध असतो, कारण साठवायला सुरक्षित जागाच नसल्याने सगळा भार यकृतावर आणि स्नायूंवर पडतो. हे तीन पुरावे एकत्र ठेवले की वजनकाट्यावरचा आकडा आणि एखाद्या प्रथिनाची पातळी, दोन्ही दुय्यम ठरतात. चरबी कुठे आहे आणि किती कोंबलेली आहे, यावर इन्सुलिनचं भवितव्य ठरतं.

यावर मराठी घरांत हमखास येणारा आक्षेप म्हणजे, ‘आमच्याकडे तर काटक्यांसारख्या माणसांनाही शुगर आहे, मग चरबीचा काय संबंध?’ याचं उत्तर पुण्यातच मिळालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचाही बीएमआय 22.3 होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के होती. हा फरक जन्मापासूनच दिसतो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या नवजात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. पुण्याकडची बाळं स्नायूंनी आणि अवयवांनी लहान होती, त्वचेखालच्या चरबीत मात्र त्यांचा तोटा बराच कमी होता. म्हणजे बारीक दिसणारा माणूस चरबीतून सुटलेला नसतो. त्याची सुरक्षित साठ्याची जागा लहान असेल, तर ती लवकर भरते.

‘जन्मापासूनच असं असेल तर धडपड करून काय उपयोग?’ हा पुढचा आक्षेप मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो शहाणपणाचा वेष घेऊन येतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 भारतीयांवर अभ्यास केला आणि 2006 साली तो प्रसिद्ध झाला. आहार आणि चालणं सुधारलेल्या गटात तीन वर्षांत मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात लक्षणीय घट न होता. चालणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतो, आणि त्या श्रमानंतर एक-दोन दिवस तो इन्सुलिनला जास्त दाद देतो. ज्यांचं वजन जास्त होतं आणि मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, अशांचा ब्रिटनमधला अभ्यास 2017 साली आला. आहारावर कडक नियंत्रण ठेवलेल्या गटातल्या 46 टक्के लोकांची शुगर वर्षभरात औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली, आणि ज्यांनी पंधरा किलो किंवा अधिक वजन उतरवलं त्यांच्यात हे प्रमाण 86 टक्के होतं.

म्हणून जे समजायला मला उशीर झाला, ते सरळ सांगते. लेप्टिन किंवा ॲडिपोनेक्टिनची तपासणी एखाद्या पॅकेजमध्ये दिसली तर तिच्यावर पैसे घालवू नका. त्या आकड्याने नेहमीच्या उपचारात काहीही बदलत नाही. अमुक पावडर ‘फॅट हार्मोन संतुलित करते’ असं कुणी म्हणालं, तर मोठमोठ्या प्रयोगशाळांतही एकच प्रथिन वाढवून किंवा अडवून सामान्य लठ्ठ माणसाचा प्रश्न सुटला नाही, एवढं आठवा. चरबी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया मधुमेहावरचा उपाय म्हणून करू नका. त्याऐवजी शिवणकामाची टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. आपल्याकडे पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढे धोका धरतात. सोबत उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी, ट्रायग्लिसराइड, एचडीएल आणि रक्तदाब तपासून घ्या. रोज भरभर चाला, आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम करा, आणि चालू असलेली औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका.

यात काहीच नवीन नाही, हे तर आजीही सांगायची, असं कुणी म्हणेल. खरं आहे. मात्र तोच सल्ला का लागू पडतो, हे आता आपल्याला माहीत आहे. इतके सगळे निरोप एकाच वेळी बदलणारी गोळी कुणाकडेही नाही, पण कोंबून भरलेली चरबी हलकी झाली की ते निरोप एकत्रच बदलू लागतात. कमरेचा पट्टा एक भोक आत गेला आणि वजनकाटा मात्र तसाच राहिला, तर मेहनत वाया गेली असं समजून चालणं सोडू नका. पुष्कळ लोक नेमके तिथेच थांबतात, आणि यकृतातली चरबी कमी होण्याची वेळही बहुधा तीच असते.