परदेशी सेवेला निघण्याआधी: हिपॅटायटिस बीची लस आणि टायटर

वस्तीतली एखादी मुलगी नर्सिंग करून परदेशातल्या आरोग्य शिबिरात सेवेला निघाली, की घरात पासपोर्ट, व्हिसा, बॅगा यांचीच चर्चा होते. लशीचा विषय निघालाच, तर “कॉलेजात तीन डोस झालेत” एवढ्यावर संपतो. वॉर्डात काम करताना आमचाही हाच समज होता. एकदा रुग्णाला टोचलेली सुई आमच्या बोटात गेली. डॉक्टरांनी विचारले, “टायटर किती आहे?” आमच्याकडे उत्तर नव्हते. अहवाल येईपर्यंतचे दिवस आम्ही अजून विसरलेलो नाही.

हिपॅटायटिस बी, म्हणजे ‘ब’ प्रकारची कावीळ, रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होते. ती जुनाट झाली तर पुढे लिव्हर सिरॉसिस किंवा कर्करोग होऊ शकतो. हा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही निदान ७ दिवस टिकतो. आफ्रिकेतील अनेक देशांत त्याचे प्रमाण जास्त आहे. तिथे सेवा करणाऱ्याचा रोज सुईशी आणि रक्ताशी संबंध येतो.

भारतात बालकांच्या लसीकरणात ही लस देशभर २०११ पासून आली. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना ती लहानपणी मिळालेली नाही. म्हणून आपले कार्ड आधी शोधा.

लस कशी घ्यावी?
पहिला डोस, एक महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. इंजेक्शन दंडातच घ्यावे; कमरेत घेतल्यास लशीचा परिणाम कमी होतो. मधला डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, राहिलेला डोस घ्यायचा. निघायला थोडेच दिवस असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ०, ७ आणि २१ व्या दिवशी डोस घेता येतात. मग चौथा डोस वर्षाने घ्यावाच लागतो.

टायटर म्हणजे काय?
लस घेतली म्हणजे प्रत्येकाच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार होतेच असे नाही. शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी ‘अँटी-एचबीएस’ ही रक्ततपासणी करतात. आकडा १० किंवा त्याहून जास्त असेल तर संरक्षण आहे. कमी आला तर पुन्हा डोस घेऊन तपासणी करतात. लस घेऊन बरीच वर्षे झाली असतील, तर आकडा उतरलेला दिसू शकतो. अशा वेळी एक डोस घेऊन पुन्हा तपासावे. म्हणजे सगळी तयारी निघण्याच्या आठ महिने आधी सुरू झाली पाहिजे.

सुई टोचली तर?
जखम दाबू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच पथकप्रमुखाला सांगा. ज्याला संरक्षण नाही त्याला लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन लागते, तेही शक्यतो २४ तासांच्या आत. दूरच्या शिबिरात ते मिळेलच असे नाही. म्हणून आपले संरक्षण इथूनच घेऊन जायचे.

निघण्याआधी ‘एचबीएसएजी’ तपासणीही करा. ती पॉझिटिव्ह आली तर लपवू नका. एका ताटात जेवल्याने, गळाभेटीने हा आजार पसरत नाही. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी व उपचार मोफत आहेत. घरातल्यांचीही तपासणी करून घ्या.

लेक निघताना बॅगेत लोणच्याच्या बरणीआधी लशीचे कार्ड आणि टायटरचा अहवाल ठेवा.