रक्तगत मेद : वय व लिंगानुसार होणारे बदल

रक्ततपासणीच्या अहवालात शेवटच्या रकान्यात बहुधा एकच ‘प्राकृत मर्यादा’ छापलेली असते. तरुण, गर्भिणी व साठीतील आजी या तिघांनाही तीच लावल्यास निदानात प्रमाद घडतो.

बाल्यावस्थेत मुलामुलींत फारसा भेद नसतो. यौवनारंभी मुलांतील एच.डी.एल. घटते. पुढे पुरुषांत एल.डी.एल. वयाबरोबर वाढत जाऊन पन्नाशी-पंचावन्नच्या सुमारास स्थिरावते. स्त्रियांत आर्तवकाली इस्ट्रोजेनच्या प्रभावाने यकृत रक्तातील एल.डी.एल. अधिक प्रमाणात उचलते, एच.डी.एल. पुरुषांपेक्षा सुमारे १० मि.ग्रॅ. अधिक असते. म्हणूनच एच.डी.एल.ची किमान मर्यादा पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० मि.ग्रॅ. मानतात. सुश्रुताचार्यांनी रजःक्षयाचे वय पन्नास सांगितले आहे. या सुमारास ते संरक्षण ओसरते व काही वर्षांतच स्त्रियांचे एल.डी.एल. पुरुषांच्या बरोबरीस येऊन पुढे त्याहूनही वाढते.

येथे स्वतःची चूक नमूद करणे मी कर्तव्य समजतो. पन्नाशी उलटलेल्या एका भगिनीने सहा वर्षांपूर्वीचा निर्दोष अहवाल दाखविला. त्यावर विसंबून मी उरातील जडपणास अम्लपित्त मानले. पंधरा दिवसांत त्यांना हृदयविकाराच्या झटक्यामुळे अकोल्यास हलवावे लागले. सुदैवाने त्या वाचल्या. तो अहवाल रजोनिवृत्तीपूर्वीचा होता, हे मी विचारलेच नव्हते.

केवळ एकूण कोलेस्टेरॉल पाहणेही अपुरे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सर्वेक्षणाचे तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड व चंदीगड येथील निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत एकूण कोलेस्टेरॉल अधिक असणारे १३.९ टक्के, ट्रायग्लिसराइड अधिक असणारे २९.५ टक्के, तर एच.डी.एल. कमी असणारे तब्बल ७२.३ टक्के आढळले. शेगावच्या कचोरीस दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु अव्यायाम व दिवास्वाप ही चरकोक्त मेदोवृद्धीची कारणे रुग्णास विचारल्यावाचून राहू नये.

गर्भिणीत, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड स्वभावतः वाढतात; तेथे मेदोहर औषधाची घाई नको, प्रसूतीनंतर पुनर्तपासणी करावी. प्रौढ स्त्रीत एल.डी.एल. अचानक वाढलेले दिसल्यास थायरॉईडचीही तपासणी करून घ्यावी.

औषधविक्रेते बंधूंस विनंती, की गुग्गुळकल्प मागणाऱ्या ग्राहकास स्टॅटिन चालू आहे काय हे विचारावे व ते परस्पर बंद करण्यास सांगू नये. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने आठ आठवड्यांत एल.डी.एल. घटण्याऐवजी किंचित वाढले होते.